दोन फुटांचा ओटा

कुरुंदा हे वसमत तालुक्यातलं बाजाराचं गाव. टोकाई साखर कारखाना इथला, पोलीस ठाणं इथं, आणि भोवतालच्या खेड्यांना किराणा, कपडालत्ता, खत-बियाणं लागलं की लोक आधी इकडंच येतात. हळद जाते वसमतच्या मोंढ्यात; २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पट्टीचे पैसे हातात आले की साखर, साडी, ब्लाउजपीस ही खरेदी बरीचशी गावातल्याच दुकानांत होते. ही दुकानं ओट्यावर असतात आणि ओट्याला पायऱ्या असतात. कुठं दोन, कुठं तीन, कुठं चार.

खालचा संवाद मी जुळवलेला आहे. एक दुकानदार, साठीला टेकलेले, किराणा आणि कपडा एकाच छताखाली ठेवणारे. त्यांना काका म्हणू. दुसरी तिशीतली बाई, चाकाच्या खुर्चीवर वावरणारी, मशीनला मोटर बसवून शिवणकाम करणारी. काका तिला कधी ताई म्हणतात, कधी माय. नावं देत नाही. अशी दोन माणसं कोणत्याही बाजारपेठेत भेटतील. दोघांनाही पुरतं बोलू दिलं आहे, आणि जिथं राहवलं नाही तिथं मी मधे बोललो आहे.

काका : तुला कधी सामान नाही म्हणलं का माय? चार गिऱ्हाइकं उभी ठेवून आधी तुझी पिशवी भरतो. पोरगं रस्त्यावर आणून देतं. मंग भेदभाव कशाचा?

ताई : आधी देता, खरं आहे काका. पण मला आधी नको, आत पाहिजे.

काका : आत काय सोनं ठेवलंय?

ताई : रिळं ठेवलीत. गिऱ्हाइकाचं पिस्त्या रंगाचं कापड घेऊन मी खाली रस्त्यावर थांबते. तुमचं पोरगं हिरवं रीळ आणतं. परत पाठवते. मंग पोपटी आणतं. तिसऱ्या चकरेला ते वैतागतं आणि मी म्हणते, राहू दे बाबा, हेच दे. घरी जाऊन शिवलं की दोरा वेगळा दिसतो आणि गिऱ्हाईक बोलतं मला. बाकीच्या शिवणाऱ्या बाया आत येतात, कापड रिळांच्या पेटीला लावून बघतात, दोन मिनिटांत मॅचिंग करून जातात. अस्तराचं तसंच. हातात घेतल्याशिवाय सुती किती आणि पॉलिस्टर किती कसं कळावं?

काका : एवढ्यासाठी...

ताई : एवढ्यावरच माझं पोट आहे. आणि दुसरं सांगू का? मेडिकलवाल्याकडं महिन्याचं सामान घ्यायचं असलं की मला रस्त्यावरून ओरडून मागावं लागतं. शेजारी पानटपरी. बाकीच्या बाया काउंटरजवळ जाऊन हळूच सांगतात, तो कागदात गुंडाळून देतो. मलाही कागदात गुंडाळूनच देतो, पण तोवर टपरीवरच्या सगळ्यांना कळलेलं असतं.

काका काही वेळ बोलले नाहीत. या मुद्द्यावर त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं, आणि ते शोधायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही, हे मला आवडलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटमध्ये सृष्टी पांडे या तरुणीला चाकाच्या खुर्चीमुळं दारातच अडवलं गेलं. तिनं ते जाहीरपणे लिहिलं आणि देशभर गलका झाला. तिथं अडवणारा माणूस होता, त्याचे शब्द होते, म्हणून बातमी झाली. कुरुंद्यात नकार द्यायला कोणी माणूस लागत नाही. दुकानदार गोड बोलतो, पोरगं धावत सामान आणतं, आणि ताई आजवर एकदाही आत गेलेली नसते. अशा गोष्टीची बातमी होत नाही, तक्रार तर नाहीच नाही.

काका : मग आम्ही उचलून घेतो की. चार पोरं हाक मारली की येतात.

ताई : तुम्ही दुकानात येताना तुम्हाला कोणी उचलतं का? बाईमाणूस आहे मी. कोणाचा हात कुठं लागतो हे मला कळतं, आणि बोलता येत नाही, कारण तो उपकार करत असतो. एका पोराचा पाय सटकला तर खुर्चीसकट खाली. मुंबईत माझ्यासारख्याच चाकाच्या खुर्चीवरच्या विराली मोदीचं काय झालं ते मोबाइलवर बघितलं असेल. २०२३ च्या ऑक्टोबरात तिचं लग्न होतं. खारचं विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवरीला उचलून जिने चढवले. मुंबईत, सरकारी कार्यालयात!

काका : बघ, मुंबईत सरकारला जमलं नाही आणि तू कुरुंद्याच्या किराणावाल्याला धरतीस.

(काकांचा हा टोला बरोबर बसला, हे कबूल करायला हवं.)

काका : आता माझं ऐक. हा ओटा मी तुला अडवायला बांधला नाही. जुलै २०२२ चा पूर आठवतो का?

ताई : आठवायचं काय त्यात. आम्हाला शेजाऱ्याच्या माडीवर नेलं होतं.

काका : गावात पाणी शिरलं, बाजारात शिरलं. साखरेची पोती खालून विरघळून गेली, साड्यांचे गठ्ठे चिखलात. तवा हा ओटा एक फूट होता. पाणी ओसरल्यावर पहिलं काम काय केलं असंल तं ओटा दोन फुटांवर नेला. आणि पूर राहू दे, दरवर्षीचा पाऊसच बघ. रस्त्यावर सिमेंट टाकतात ते जुना रस्ता न खोदता, आहे त्याच्यावरच. दर खेपेला रस्ता वर येतो आन् दुकान खाली जातं. माझ्या बापाच्या काळात एकच पायरी होती. ओटा वाढवला नाही तं नालीचं पाणी डाळीत. मला सांग, मी काय करावं?

इथं मला काकांची बाजू घ्यावीशी वाटते. शहरातून या विषयावर लिहिणारे लोक पायरी दिसली की दुष्टपणा शोधतात. मराठवाड्यातल्या बाजारपेठांत ओटा वाढतो तो पाण्याच्या भीतीनं, आणि पाणी येतं ते बहुतेक वेळा नदीपेक्षा रस्त्याच्या कामामुळं. ठेकेदाराला जुना थर उखडायचा नसतो, कारण उखडायला मजुरी आणि मलबा हलवायला गाडी लागते. मग रस्ता दुकानांना मागं टाकत वर चढतो आणि दुकानं ओटे वाढवत त्याच्या मागं. या चढाओढीत ताईच्या वाट्याला पायऱ्या येतात. पण तिनं दिलेलं उत्तरही तितकंच नेमकं होतं.

ताई : ओटा दोन फूट राहू द्या की. कमी करा असं मी कुठं म्हणते? पाणी पातळीनं चढतं काका. दोन फूट पाणी आलं नाही तोवर ते तुमच्या उंबऱ्यावर येणार नाही, समोर पायऱ्या असू द्या नाहीतर उतार. मला ओट्यापर्यंत जायची वाट पाहिजे, एवढंच.

काका : आन् तो उतार कुठं करू? माझ्या डोक्यावर? पुढं नाली, नालीपुढं रस्ता. नालीवर बांधलं की ग्रामपंचायत म्हणते साफ कशी करायची. रस्त्यावर आणलं की अतिक्रमण.

ताई : तुमच्या तीन पायऱ्या नालीवरच आहेत. पुढं पत्र्याचं छत आहे, कुरकुऱ्यांची स्टँडं आहेत, झाडूंचा ड्रम आहे. ते अतिक्रमण कोणाला दिसत नाही. माझी खुर्ची आली की रस्ता अरुंद होतो. आणि तो कोपऱ्यातला लोखंडी पत्रा कशाचा हो?

काका : कोणता? तो... तो गाडी चढवायचा. रात्री स्कूटर आत घेतो.

ताई : म्हणजे स्कूटरसाठी उतार केला.

दोघंही हसले. पण त्या पत्र्याची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तो पत्रा जेमतेम तीन-चार फुटांचा. स्कूटरला इंजिन असतं, ती चढते. त्याच पत्र्यावर खुर्ची ढकलली तर पुढची छोटी चाकं उचलली जाऊन ती मागं उलटेल. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं साधं माप आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. भारतातल्या बांधकामांच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच धरलं आहे. दोन फुटांच्या ओट्याला हिशोब केला तर चोवीस फूट लांब उतार लागतो. काकांच्या दुकानाची रुंदी दहा फूट. सरळ समोर काढला तर उतार रस्ता ओलांडून पलीकडच्या चपलेच्या दुकानात शिरेल.

काकांनी हा हिशोब ऐकला आणि ते एकदम मोकळे झाले.

काका : बघ! म्हणजे होतच नाही. मी म्हणत होतो ना.

ताई : एकट्याला होत नाही. पाच जणांना होतं. तुमच्या रांगेत पाच दुकानं लागून आहेत, मिळून पन्नास फूट. उतार समोर न काढता रांगेच्या कडेनं, भिंतीला धरून काढायचा. एका टोकाला सुरू करायचा आणि वर पाचही दुकानांपुढनं चार फुटांची सलग वाट.

काका : सगळ्यांचे ओटे सारखे आहेत व्हय? फोटोवाल्याचा फूटभर, माझा दोन फूट, खतवाल्याचा अडीच.

ताई : बरंच आहे की. फोटोवाल्याच्या बाजूनं सुरू करू. बारा फुटांवर उतार एक फूट चढलेला असतो. तिथं सपाट थांबा घेतला की त्याचं दार लागलं. पुढच्या बारा फुटांत तुमच्या उंचीला आलो. राहिला खतवाला, त्याला तेवढा सहा इंचांचा वेगळा उतार. खाली नाली झाकायला उचलता येतील असे ढापे घ्यायचे, कडीचे. साफ करायला माणूस आला की उचलला ढापा.

काका : आन् फोटोवाल्याच्या दारापुढं उताराचा कठडा आला म्हणून तो भांडला तं?

ताई : भांडंल. त्याला समजवायला मला पाठवू नका, तुम्ही जा.

मला हा संवादातला सगळ्यात खरा भाग वाटतो. मोठ्या शहरातली सुगमतेची चर्चा एका इमारतीची असते: एक मालक, एक नकाशा, एक लिफ्ट. गावातल्या बाजारात मालक पाच, ओटे पाच उंचीचे, नाली ग्रामपंचायतीची आणि रस्ता कधी पंचायतीचा तर कधी बांधकाम खात्याचा. इथं एकट्या दुकानदाराला दोषी धरणं सोपं आणि निरुपयोगी आहे. जिथं एकच पायरी आहे तिथं मात्र सबब चालू नये. सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार पुरतो, आणि तो गावातला फॅब्रिकेशनवाला किलोच्या भावानं चेकर्ड प्लेटचा करून देईल, सकाळी लावायचा नि रात्री आत घ्यायचा असा. कॅनडातल्या टोरांटो शहरात ल्यूक अँडरसन या चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माणसानं २०११ साली नेमकं हेच सुरू केलं. एका पायरीच्या दुकानांसाठी प्लायवूडचे उचलते उतार, भडक रंगांचे, स्वयंसेवकांनी बनवलेले. भडक रंगामुळं एक फायदा झाला. ज्या दुकानापुढं उतार नाही, ते दुकानही नजरेत भरायला लागलं.

काका : बरं, हे सगळं केलं. पण किती जणांसाठी? गावात तुझ्यासारखे किती? दोन, चार?

ताई : तुम्हाला दिसतात दोन-चार. बाकीचे घरात आहेत. बाहेर पडून करायचं काय, पायरीशी थांबायचं?

काका : पण म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात, पोटुशा बाया येतात. त्यांनाही बरं होईल, असं सांगितलं तं पंच लवकर मान्य करतील.

ताई : सांगा, तुमची मर्जी. पण मला ते आवडत नाही. म्हाताऱ्यांच्या नावावर मला कामून आत घ्यायचं? उद्या गावात सगळ्यांचे गुडघे ठणठणीत झाले तर माझा उतार काढून टाकणार का? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग म्हणून साडेएकोणतीस लाखांवर माणसं नोंदली. मी एकटी असते तरी मागणी हीच असती.

काका : रागावू नको. मी तुझ्याच भल्याचं बोललो. आता मोबाइलवर फोटो टाकतो, पैसे फोनवर येतात, सामान घरी पोचतं. चांगली चांगली माणसं घरबसल्या मागवतात. तू कशाला उन्हातान्हात येतीस?

ताई : तेच तर सुरू केलंय. मागच्या दिवाळीला साडी ऑनलाइन घेतली. तिथं हजार रंग बघता येतात आणि पायरी नसते. पैसे गेले कुठल्या कुठं, तुमच्या गल्ल्यात आले नाहीत. तुम्हीच रोज म्हणता ना, ऑनलाइनवाल्यांनी बाजार मारला?

काका : (जरा वेळानं) हाव, म्हणतो.

ताई : आणि घरी कामून बसू? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूकांचं 'चाकाची खुर्ची' वाचलं मी. ऐन तारुण्यात पाय गेले, तरी केंद्र सरकारच्या खात्यात नोकरी केली, मंग १९८४ साली संस्था काढून माझ्यासारख्या कितीतरी जणांना शिकवलं, कामाला लावलं. त्यांनी घरी बसून सामान मागवायचं ठरवलं असतं तर?

काका : मग कायद्यानंच घे की. माझ्यावर केस करतीस का?

ताई : कायदा आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा, २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. सार्वजनिक सेवा कोणत्या याची यादी त्यात दिली आहे आणि खरेदी-विक्री त्या यादीत आहे. सेवा देणारा सरकारी असो की खाजगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांत सोय करायची होती. नियम निघाले जून २०१७ मध्ये. तुमची मुदत २०१९ लाच संपली. मोडला तर पहिल्या वेळेला दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत.

काका : पाच लाख! मला तं कोणी कागद दिला नाही.

ताई : कोण देणार? मी? तुमच्यावर केस केली तर श्रावणात उधारी कोणाकडं मागू?

हे वाक्य कायदा करणाऱ्यांनी ऐकायला हवं होतं. आपले हक्काचे कायदे तक्रारीवर चालतात, आणि गावात तक्रार करणाऱ्याचं खातं त्याच दुकानदाराच्या वहीत असतं. ज्याच्याविरुद्ध जायचं त्याच्याकडूनच पोळ्याला तेल आणायचं. म्हणून खेड्यातून अशी प्रकरणं वर जात नाहीत, आणि प्रकरणं नाहीत म्हणजे अडचण नाही असा अर्थ वरती काढला जातो. सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झालं, त्याचा भर सरकारी इमारती, स्टेशनं, विमानतळांवर राहिला. नव्या बांधकामाचा नकाशा नियमात बसत नसेल तर परवानगी देऊ नये, असं २०१६ चा कायदा सांगतो. पण गावठाणातल्या जुन्या रांगेत ओटा वाढवायला कोण कोणाची परवानगी घेतो? राजीव रतुरी या अंध नागरिकानं २००५ साली केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला मूळ दुखण्यावर बोट ठेवलं. कायदा सक्तीचा, पण केंद्राच्या नियमांत निकष नुसते शिफारशीसारखे. तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून किमान सक्तीचे निकष तीन महिन्यांत करा, असा आदेश न्यायालयानं दिला. निकाल चांगलाच आहे. पण दिल्लीतून सक्ती आली तरी फोटोवाल्याच्या दारापुढचा कठडा दिल्लीला सोडवता येणार नाही.

काका : मंग पैसा कोणाचा? आधीच सांगतो, पूर्ण मी घालणार नाही.

ताई : घालू नका. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. त्यातून एखाद्याला मदत देता येते, तशी सगळ्यांच्या सोयीची कामंही करता येतात. नाली आणि ढापे पंचायतीचेच आहेत. उताराचा खर्च पंचायत आणि पाच दुकानं मिळून.

काका : पाच टक्के म्हणजे कितीसे होतात? घरपट्टी कोण भरतं इथं?

ताई : तुम्ही भरली का?

काका : (हसत) भरीन, भरीन. पण एक सांगतो. उतार झाला तरी माझ्या दुकानात तुझी खुर्ची फिरायची नाही. मधे तेलाचे डबे, पोती, पाय ठेवायला जागा नाही.

ताई : रिळांची पेटी दाराशी आणा. तिथपर्यंत आले तरी मला पुरे. बाकीचं पुढं भांडू.

काका उताराला पूर्ण राजी झालेले नाहीत. त्यांना पैशाची काळजी आहे, फोटोवाल्याची आहे आणि पुढच्या पावसाची त्याहून जास्त. ताईनंही काही सोडलेलं नाही. रस्त्यावर आणून दिलेली पिशवी म्हणजे दुकानात घेणं, हे तिला आजही मान्य नाही. माझं मत तिच्या बाजूचं आहे. काकांची माया खरी आहे, पण तिच्या जोरावर वर्षानुवर्षं एका गिऱ्हाइकाला बाहेर ठेवलं गेलं. आणि यातली मोठी चूक काकांची नसून रस्त्यावर रस्ता चढवत नेणाऱ्या कामांची आहे.

तेव्हा कुरुंद्याच्या आणि अशा प्रत्येक बाजाराच्या गावातल्या दुकानदारांना विनंती आहे. आपापल्या ओट्याची उंची टेप लावून मोजा आणि कागदावर लिहून ग्रामपंचायतीत द्या. पुढच्या वेळी बाजारातल्या रस्त्याचं अंदाजपत्रक होईल तेव्हा जुना थर उखडणं, नालीचे ढापे आणि रांगेचा सामाईक उतार ही तिन्ही कामं त्याच अंदाजपत्रकात घ्यायला लावा. रस्ता झाल्यावर कोणी पुन्हा खोदत नाही. हा ठराव ग्रामसभेत मांडायला चाकाची खुर्ची आणि तीनचाकी वापरणाऱ्या गावकऱ्यांना बोलवा. आणि पंचायतीच्या दारालाही पायऱ्याच असतील, तर ती ग्रामसभा खाली मैदानात घ्या.